वावटळ तिथेच का उठते

झरी जामणीकडच्या एका गावात मी भूगोल शिकवायचो. बायको-मुलं यवतमाळला, मी इथे भाड्याच्या एका खोलीत. शहाणपण ऐकवायला कुणी नसलं की माझा दिवस खायला उठायचा.

शेजारच्या मावशी विधवा होत्या. कापसाला भाव नव्हता, गावातली बरीच वावरं पडीक होती. नवरा तापाने गेल्यावर त्यांनीही पेरणं सोडलं. उन्हाळ्यात भरदुपारी त्यांच्या वावरातून वावटळ उठायची, नाल्याकडच्या धुऱ्यापाशीच, म्हणजे बांधाजवळ. आत भूत असतं म्हणून लोक तिच्यावर थुंकायचे. मावशी मात्र डोक्यावर पदर घेऊन पाण्याचा गडवा धरून ओट्यावर उभ्या राहायच्या. हयात असताना नवरा त्याच वेळी वावरातून जेवायला यायचा. ती विरली की म्हणायच्या, "आले वाटते. बसा गुरुजी, जेवून घेऊ." दिवसभरात माणसाशेजारी बसून खाल्लेला माझा तेवढाच घास.

एकदा सकाळच्या शाळेत टोर्नेडो शिकवून आलो. वर्ग पेंगत होता. मग जेवताना मावशींना धरलं. म्हटलं, अमेरिकेत एक सपाट पट्टा आहे, तिथेच ही ढगातून उतरणारी वादळं सगळ्यात जास्त होतात.

"तिथंच काहून?"

इतका सरळ प्रश्न मला वर्षभरात कुणी विचारला नव्हता. मी हुरळलो. खालून समुद्राकडची दमट, गरम हवा, वरून डोंगराकडची कोरडी, गार हवा. दोन्ही तिथे एकमेकींना भिडतात आणि वारा गरगरतो. वावटळ वेगळी, ती ढगातून उतरत नाही, तापलेल्या जमिनीतून उठते. पण जागा धरण्याची खोड तिलाही आहे. तुमचं वावर उघडं, काळं, तव्यासारखं तापतं. शेजारी नाल्याची ओल. म्हणून ती तिथेच उठते.

मावशींनी भाकर ताटात ठेवली. "मंग आमचे थे नसते काय त्याच्यात?"

"छे हो! नुसती गरम हवा," मी म्हणालो, आणि वर ठेचाही मागितला.

दुसऱ्या दिवशी वावटळ त्याच जागी, त्याच वेळेला उठली. ओट्यावर कुणी नव्हतं. माझी भाकर फडक्यात बांधून दाराशी ठेवलेली होती. मी कडी वाजवली. सांगितलं त्यातलं अक्षरही खोटं नव्हतं, तरी मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. म्हटलं, मावशी, जेवायचं ना?

आतूनच उत्तर आलं, "मी सकाळीच जेवली, गुरुजी. आता दुपारी कोनासाठी थांबू?"