वाटणीतली झडप

माझा धाकटा दीर हिराजी अंबरनाथ एमआयडीसीत रबराच्या कंपनीत कामाला. बदलापूर गावातलं जुनं घर पाडलं, तेव्हा सागवानी दाराच्या दोन झडपासुद्धा भावांनी वाटून घेतल्या. आमच्या ह्यांनी, म्हणजे त्याच्या थोरल्या भावाने, आपली झडप पॉलिश करून हॉलच्या भिंतीला लावली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवली.

हिराजीने उल्हासनगरच्या भंगारातून हवा भरायची जुनी रबरी बोट आणली. मागच्या ज्या फळीला इंजिन टांगतात, ती इतकी कुजली होती की स्क्रूड्रायव्हर पावात शिरावा तसा शिरला. त्याने रबर गरम करून फळी सोडवली आणि तिच्या मापाने आपल्या वाटणीची झडप कापली. पाणी मुरू नये म्हणून कडांना इपॉक्सीचे तीन हात दिले. ह्यांनी अख्ख्या आळीसमोर त्याच्या कानाखाली वाजवली.

"बापाचं दार कापलंस. बुडून मरशील."

हिराजी गालाला हात न लावता बोल्टची भोकं पाडत राहिला.

जुलैत नदी चढली, आम्ही गच्चीवर गेलो. सकाळी हिराजी बोट घेऊन आला. मला घेतलं, सुनेला घेतलं, कुत्र्यालाही घेतलं. ह्यांनी पाय पुढे टाकला, तशी त्याने वल्ह्याने बोट मागे लोटली.

"दादा, वाटणीत एक झडप तुलाही आलीय. बस तिच्यावर."

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. फळी जराही हलली नाही. पाणी अजून चढत होतं आणि हे गच्चीवरून ओरडत होते. बोट वळव म्हणून मीच सांगायला हवं होतं. मी पदराने कुत्र्याचे कान पुसत बसले.