आईच्या रेडिओचे सेल

नारळी पौर्णिमेनंतरचा रविवार, १९८५. गावातल्या घराची ओटी. हजर: आई, धाकटा भाऊ, वहिनी, जहाजावर नोकरी करणारा मावसभाऊ आणि मी. बाबांना जाऊन काही वर्षं झाली होती, म्हणून त्यांचं नाव नाही.

कोण कुठे होतं हे लिहून ठेवायची सवय मला बेलापूरच्या कचेरीने लावली, असं घरात सगळे म्हणतात. ती आधीचीच आहे. नव्या शहरासाठी आमची भातशेती गेली तेव्हा घरातल्या एकाला नोकरी लागली, ती मला. मोबदल्यातून इंजिनाची होडी आली, ती भावाची. खाडीतला मासा तोवर आटत चालला होता. बाबा कधी खाडीच्या तोंडाबाहेर गेले नव्हते. भाऊ मुंबई बंदराला वळसा घालून उघड्या समुद्रात जाऊ लागला. म्हणून मी त्याला सामानाची यादी करून दिली. सुट्टीच्या दिवशी धक्क्यावर उभी राहून मी वाचायची आणि तो होडीतून ओरडायचा.

"पाण्याचा ड्रम?"

"हाय."

"टॉर्च?"

"हाय."

"जास्तीचा दोर?"

"हाय गो बाय, हाय. आता तूच चल होरीवर. माशांची हजेरी घे. कोन आला, कोन दांडी मारून बसला."

खलाशी हसायचे. यादी पुरी झाल्याशिवाय मी दोर सोडू द्यायची नाही.

तर त्या रविवारी मावसभावाने पिशवीतून थर्मासएवढा नारिंगी डबा काढला. त्याच्या जहाजावर नवे आले होते, जुन्यांतला हा त्याने साहेबाकडून मागून घेतला होता. बीकन म्हणतात, म्हणाला. माणसं पाण्यात पडली की दोरी ओढायची, तार उभी करायची. वरचा दिवा लुकलुकू लागला की समजायचं, डबा हाक मारतो आहे. ती हाक वरून जाणाऱ्या विमानाला ऐकू जाते, आता तर आभाळातल्या उपग्रहालाही.

"हाक म्हंजे काय बोलतं तं?" आईने विचारलं.

"बोलत नाय मावशे, शिट्टी." आणि त्याने तोंडाने करून दाखवली. उंचावरून सुरू होऊन खाली खाली उतरत जाणारी, की पुन्हा वरून.

"मना आयकू येल काय?"

तो नाही म्हणायच्या आत भाऊ बोलला, "येल ना आये! सांजच्याला रेडू लाव. आज कालवन काय केलंस तं इचारन."

"मेल्या, समिंदरात पडून कालवन इचारशील?"

"मंग काय तुज्या सुनेचं भांडन इचारू?"

बोंबील साफ करत बसलेल्या वहिनीने हातातलं शेपूट त्याच्यावर भिरकावलं.

मी डबा उलटा करून पाहिला. बुडावर इंग्रजीत छापलं होतं की चालू केल्यावर बॅटरी अठ्ठेचाळीस तास टिकते. ते मी वहीत उतरवून घेतलं आणि यादीत टॉर्चच्या खाली 'डबा' लिहिलं.

भावाला ती शिट्टी फारच आवडली. मासे विकून आला की गल्लीच्या तोंडापासून ती मारत यायचा. "आये, बिकन आला गो!" आई हसू पदरात दाबायची आणि ताट घ्यायची. आज मोजायला बसले तर हे फार दिवस चाललेलं नाही. पण आमच्या घराला तो आवाज जन्मापासूनचा असल्यासारखा वाटायचा.

ऑक्टोबरच्या शेवटी तो गेला त्या सकाळी मी धक्क्यावर होते. "डबा?" "हाय." इंजिनाच्या खोक्याला बांधलेला मी स्वतः पाहिला. हे मुद्दाम लिहिते, कारण नंतर पुष्कळांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी समुद्रात वारा उठला आणि होडी उलटली. दोन्ही खलाशी जाळ्याच्या रिकाम्या कॅनना धरून तरंगत राहिले. त्यांना दुसऱ्या गावच्या होडीने उचललं. भाऊ त्यांच्यापासून सुटला होता. त्यांतला वयस्कर खलाशी आमच्या ओटीवर येऊन बसला. मान वर न करता त्याने आईला सांगितलं, "त्यानी दोरी खेचली. तार उभी केली. दिवा पेटला, मी बगितला. लाट आली का जायचा, परत दिसायचा. आमाला दिसत व्हता तवर पेटता व्हता."

बिचाऱ्याकडे तेवढाच धीर देण्यासारखा होता, तो त्याने दिला.

गावातल्या सगळ्या होड्या शोधायला गेल्या. भाऊ मिळाला नाही, डबाही नाही. मी रजा टाकून मुंबईच्या कचेऱ्यांत फिरले. एका साहेबांनी बसवून नीट समजावलं. उपग्रहाकडून आलेली अशी हाक पकडायला जमिनीवर केंद्र लागतं, ते आपल्याकडे अजून उभं राहिलेलं नाही. विमानाने ऐकली असती, पण वैमानिकाने नेमका तो चॅनेल लावून ठेवलेला हवा. कुणी ऐकल्याची नोंद नव्हती. मी आभार मानले आणि बाहेर येऊन जिन्यात बसले. 

गावच्या घरी आले तेव्हा आई बाबांचा जुना ट्रान्झिस्टर मांडीवर घेऊन बसली होती. बटण हळूहळू फिरवत होती. एका जागी खरखर थांबली आणि शिट्टी आली, वरून खाली उतरत जाणारी. आईने माझा हात धरला. "आयकलंस? त्योच."

कुठलाही रेडिओ दोन स्टेशनांच्या मधे तशी शिट्टी मारतो. नेरूळच्या माझ्या घरातला मारतो, शेजारच्यांचा मारतो. पण हे सांगायची ती वेळ नव्हती.

गावाने सुचवलं की दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकून घेऊ. आई दारात आडवी उभी राहिली. "दिवा पेटता हाय नि तुमी माज्या पोराला आग लावता?" माणसं चपला घालून निघून गेली. पुढच्या वर्षी पुन्हा आली, तेव्हाही तशीच गेली.

या पावसाळ्याआधी मी वहिनीला नेरूळच्या बाजारात गाठलं. ती आता मासळीची पाटी घेऊन बसते. हातात हिरवा चुडा, कपाळाला कुंकू. गिऱ्हाईक गेल्यावर कोयता बाजूला ठेवून म्हणाली, "ताई, डब्याच्या बुडावर काय लिवलेलं ते मना ठावं हाय. आकडं मनापन वाचता येतात. अट्टेचालीस तास."

मी म्हटलं, "मग आईला?"

"मी सांगू? सून पोराला मारते बोलतील. तुमचं आयकतील त्या. तुमी सगलं लिवून ठेवता." मग हलक्या आवाजात, "रोज सांजच्याला कुकू लावून त्या शिट्टीपुढं बसते मी. मना रडाया तरी द्या."

दुसरं गिऱ्हाईक आलं. "या शेट, हलवा बगा, डोलं बगा त्याचं," म्हणत तिने पाटीवरचं फडकं उचललं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी मी गावाला जाते. वहीच्या पानावर त्या दिवसाची कामं असतात: आईच्या गुडघ्याचं तेल, घरपट्टीची पावती, रेडिओचे सेल. सेल आई निरोप पाठवून मागवते. आधीचे संपायच्या आत मागवते, मध्ये खंड पडायला नको म्हणून. त्यांच्याखाली वहिनीशी बोलल्यापासून एक ओळ दर महिन्याला पुढच्या पानावर उतरते आहे.

काल गेले होते. तेल दिलं, पावती कपाटात ठेवली. सेल आईनेच घातले, बोटांनी चाचपून, वरखाली बरोबर. सांज झाली. वहिनी उंबऱ्याशी येऊन बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. आईने बटण फिरवलं. शिट्टी लागली तशी तिचा चेहरा सैल झाला. रेडिओकडे वाकून, शेजारच्या खोलीतल्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली, "आज जवला केलाय रं. वांगं घालून."

मी पिशवी उचलून शेवटच्या बसला निघाले. आईला डब्याच्या बॅटरीचं सांगायचं राहिलं.