पाहुण्यांसमोर काढलेले मास्क

रविवार, २८ फेब्रुवारी २०२१. मुलीच्या हातावर अकराशे रुपये ठेवले गेले. हजर माणसं नऊ. मुलाकडचे पाच: मुलगा, त्याचे आईवडील, मामा आणि मामी. आमच्याकडचे चार: मी, बायको, मुलगी आणि माझे वडील. पैसे ठेवले तेव्हा पाच वाजून गेले होते. त्या वेळी नऊ जणांत मिळून एकच मास्क तोंडाच्या आसपास होता, तोही मुलाच्या हनुवटीवर.

हे असं नेमकं लिहायची मला सवय आहे. वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअर्समध्ये सव्वीस वर्षं काढली. किती आलं, किती गेलं, कोणासमोर गेलं, एवढंच माझं काम. गारखेड्यातल्या आमच्या चोवीस फ्लॅटच्या इमारतीचा मी त्या वर्षी सचिवही होतो. आदल्या उन्हाळ्यापासून गेटवर रजिस्टर ठेवलं होतं. येणाऱ्याचं नाव, वेळ, ताप आणि शेवटच्या रकान्यात मास्क आहे की नाही. मास्क नसेल तर प्रवेश नाही. वॉचमनला भीड पडायची म्हणून सकाळचा तासभर मी स्वतः खुर्ची टाकून बसायचो.

लोकांना ते आवडायचं नाही. फुलंब्रीकडून येणारा दूधवाला म्हणायचा, आमच्या गावात रोग नाय, रोग तुमच्या शहरात, तर मास्क तुम्ही लावा. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ मास्क कानाला अडकवून फिरायचे आणि मी दिसलो की वर ओढायचे. भाजीवाल्या मावशी तोंडाला पदर लावायच्या. पदर चालणार नाही, असं मी एकदा सांगितलं.

"दादा, जन्मभर सगळं पदरानंच झाकलं," त्या म्हणाल्या, "ह्यो रोगच तेवढा झाकायचा नाय का?"

गेटवरची पोरं हसली. मी हसलो नाही आणि त्यांना आत सोडलंही नाही. त्या टोपली उचलून पुढच्या इमारतीकडं गेल्या. नियम सगळ्यांना सारखा, असं मी तेव्हा म्हणत असे आणि माझा त्यावर विश्वासही होता.

मी इतका कडक होतो त्याचं कारण घरात होतं. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दमा होता. वय शहात्तर. वर्षभर त्यांना आम्ही मागच्या खोलीत जपलं होतं. मुलगी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला. ती घरी आली की आधी अंघोळ, मग बाकी सगळं. आजोबांशी ती खोलीच्या दारातून, मास्क लावूनच बोलायची. मास्क नाकावर कसा दाबून बसवायचा हे तिनंच त्यांना शिकवलं. ते तिचं ऐकायचे, माझं फारसं नाही.

त्या फेब्रुवारीत आकडे पुन्हा वाढायला लागले होते. वैजापूरचं स्थळ त्याच सुमाराला आलं. मुलगा इंजिनिअर, वाळूजलाच नोकरी, घरी तीस एकर जमीन आणि कांद्याची आडत. मुलीला पंचविसावं संपत आलं होतं आणि आधीची दोन स्थळं लॅबच्या नोकरीचं ऐकूनच फिरली होती. तेव्हा हे स्थळ हातचं जाऊ नये असं मला वाटत होतं. ते लपवण्यात अर्थ नाही.

तयारी मी माझ्या पद्धतीनं केली. हॉलमधला पंखा बंद, खिडक्या उघड्या, खुर्च्या लांब लांब. दहा नवे मास्क आणले आणि दारापाशी ताटात ठेवले, शेजारी सॅनिटायझर. बायकोला ते पटलं नाही. मुलाकडच्या माणसांना दारातच मास्क द्यायचे म्हणजे, तुम्ही रोग घेऊन आलात, असं तोंडावर सांगणं, असं तिचं म्हणणं. मुलगी मात्र सकाळीच सांगून मोकळी झाली होती की ती स्वतः मास्क काढणार नाही, फोटो त्यांनी पाहिलाय, आणि आजोबा बाहेर येणार नाहीत. मी दोन्ही कबूल केलं.

चारला पाच मिनिटं कमी असताना ते आले. मी ताट पुढं केलं. मामांनी दोन मास्क उचलले, उलटसुलट करून पाहिले आणि शर्टाच्या खिशात घातले. बाकीच्यांनीही एकेक घेतला आणि पानसुपारी घ्यावी तसा पिशवीत टाकला. कोणी रागावलं नाही. मुलाचे वडील बसता बसता एवढंच म्हणाले, "घरात कशाला आता? आपण का परके आहोत?"

मुलीच्या बापानं यावर काय बोलायचं? गेटवर असतो तर मी बोललो असतो. गेटवर भाजीवाल्या मावशी होत्या. इथं मी माझा मास्क काढून खिशात ठेवला. बायकोनं माझ्याकडं पाहिलं आणि तिनंही काढला.

मग मुलाच्या वडिलांनी विचारलं, घरातलं मोठं माणूस दिसत नाही. मी म्हणालो, तब्येत जरा नरम असते. मामींनी लगेच मुलाच्या आईकडं पाहिलं. घरातलं म्हातारं माणूस पुढं आलं नाही तर लोक काहीबाही अर्थ काढतात, काही आजार लपवताहेत, भावकीत वाद आहे, असलं काही. मला ती नजर सहन झाली नाही. मी आत जाऊन दादांना बाहेर घेऊन आलो. त्यांनी धुतलेलं धोतर आधीच नेसून ठेवलं होतं, टोपी घातलेली होती आणि मास्क नाकावर नीट दाबून बसवलेला होता. त्यांना मामांच्या शेजारची खुर्ची मिळाली. मी लांब लांब ठेवलेल्या खुर्च्या तोवर कोणी तरी जवळ ओढल्या होत्या.

मुलगी पोहे घेऊन आली. मास्क लावून. मामांनी बशी घेतली आणि म्हणाले, "आवो, आम्ही मुलगी बघायला आलोय का डोळे तपासायला?"

सगळे हसले. मुलगाही हसला. मुलीनं माझ्याकडं पाहिलं. ती माझ्या बोलण्याची वाट पाहत होती.

"काढ बाळा," मी म्हणालो.

तिनं काढला. घडी करून मुठीत धरला आणि समोरच्या खुर्चीवर बसली. शिक्षण, नोकरी, स्वयंपाक, सगळं विचारून झालं. लॅबमध्ये नक्की काय करते, असं मामींनी दोनदा विचारलं. त्या रोगाचेही नमुने येतात का? येतात, ती म्हणाली. तूच तर आणत नाहीस ना घरात, असं मामी हसत हसत म्हणाल्या. मुलगी म्हणाली, मी काळजी घेते.

इकडं मामांनी दादांशी बोलणं काढलं होतं. दादांची वैजापूरला काही वर्षं नोकरी झालेली, त्यामुळं ओळखीची घरं निघत होती. दादांचा आवाज आधीच बारीक, त्यात मास्क. मामा कानाला हात लावून म्हणाले, "लई लांबून बोलल्यावानी वाटतंय, आजोबा."

दादांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "दादा, काढा आता."

"पप्पा, आजोबांचा राहू द्या," मुलगी म्हणाली. ती एवढा वेळ विचारलेल्याचीच उत्तरं देत होती. हे तिनं आपण होऊन बोललेलं पहिलंच वाक्य.

"थोडा वेळ चालतंय," मी तिला सगळ्यांसमोर म्हणालो.

दादांनी मास्क काढला. वर्षभरात बाहेरचं माणूस त्यांच्याशी असं बसून बोललं नव्हतं. ते खुश होते. मामांच्या मांडीवर हात ठेवून ते जुन्या बाजाराबद्दल सांगत होते. मामा मधे दोनदा खोकले आणि रस्त्याची धूळ म्हणाले. चार वीस ते पाच पाच, पंचेचाळीस मिनिटं. मी घड्याळ बघत होतो आणि काहीच करत नव्हतो. निघताना मामींनी मुलीला कुंकू लावलं आणि तिच्या हातावर अकराशे ठेवले. मुलगी पसंत आहे, असा त्याचा अर्थ.

शुक्रवारी, पाच मार्चला, दादांना ताप आला. शनिवारी तपासणी, रविवारी अहवाल. बायकोचाही पॉझिटिव्ह आला, पण तिला ताप आणि अंगदुखीपलीकडं काही झालं नाही. मी आणि मुलगी निगेटिव्ह. सोमवारी दादांना दम लागला आणि खूप फिरल्यावर एका दवाखान्यात खाट मिळाली.

कळवणं कर्तव्य म्हणून मी वैजापूरला फोन केला. आमच्याकडं सगळे ठणठणीत आहेत, मुलाचे वडील म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. आवाज मऊ होता. मुलगी तशा ठिकाणी काम करते, तिथूनच घरात आलं असणार, उद्या आमच्या घरातही तेच, तेव्हा सध्या आमचा विचार थांबवतो. मी बरं म्हणालो. मामांना त्याच आठवड्यात दोन दिवस ताप होता असं पुढं कानावर आलं, पण ते खरं की खोटं मला माहीत नाही. दादा एकवीस फेब्रुवारीला न्हाव्याकडं जाऊन आले होते हेही मला नोंदवलं पाहिजे. रोग कोणाकडून आला हे मी सिद्ध करू शकत नाही. मास्क काढा असं कोण म्हणालं, हे मात्र नक्की आहे.

फोनवरचं बोलणं मुलीनं ऐकलं होतं. त्या दिवसापासून ती घरातही मास्क लावू लागली. ताट घेऊन गॅलरीत बसायची, झोपतानाही मास्क. मी म्हणालो, तुझा रिपोर्ट दोनदा निगेटिव्ह आलाय.

"निगेटिव्ह म्हणजे नसतोच असं नाही, पप्पा. मी रोज तेच काम करते."

यावर मी तिला त्या रविवारची आठवण करून द्यायला हवी होती. दिली नाही. सोयीचं होतं म्हणून नाही दिली, असं आता वाटतं. ती स्वतःला दोष देत होती तोवर मला कोणी काही विचारत नव्हतं.

दादा मंगळवारी, सोळा मार्चला गेले. तोंड पाहायला मिळालं नाही. प्लास्टिकमध्ये बांधलेलं, वर नंबर. सगळं महापालिकेच्या चार माणसांनी केलं, आम्ही लांबून हात जोडले. दुसऱ्या दिवशी अस्थी घ्यायला भावकीतलं कोणी येईना, बायको अजून वेगळ्या खोलीत, म्हणून मुलगी माझ्याबरोबर स्कूटरवर आली. तिथल्या माणसानं कापडात बांधलेलं गाडगं दिलं. नंबर बरोबर आहे ना पाहायला मी कापड सोडलं, तेवढ्यात वारा आला आणि राख माझ्या मास्कवर उडाली. तो मास्क तोंडावर ठेवता येईना आणि कचऱ्यातही टाकता येईना. मी तो काढून गाडग्यासोबत कापडात बांधला. दुसरा आणलेला नव्हता.

येताना चौकात मास्क नसणाऱ्यांना दंड करणाऱ्या पथकानं अडवलं. पुढं तिघं उभे होते. एक म्हणत होता, आत्ताच चहा प्यायलो. दुसरा म्हणत होता, थुंकायला खाली केला होता. तिसरा फोन लावून कोणा साहेबांशी पथकाचं बोलणं करून द्यायला पाहत होता. पावतीपुस्तक घेतलेल्या ताई कोणाचंच ऐकत नव्हत्या. माझी पाळी आली. मुलगी मागून म्हणाली, "मॅडम, आम्ही स्मशानातून येतोय. आजोबांच्या अस्थी आहेत."

ताईंनी पिशवीकडं पाहिलं आणि पेन खाली घेतलं. "जा काका," त्या म्हणाल्या.

"नाही. पावती फाडा."

"पप्पा, त्या सोडतायत ना."

मी स्कूटरवरून उतरलो. तिच्याकडं पाहिल्याशिवाय ते बोलता आलं नसतं. "त्या दिवशी तू म्हणाली होतीस, आजोबांचा राहू द्या. मी काढायला लावला. वैजापूरचे काहीही म्हणोत, तुझ्यामुळं काही झालेलं नाही. माझ्यामुळं झालं."

तिचं तोंड मास्कखाली होतं, डोळे तेवढे दिसत होते, आणि त्यावरून मला काही कळलं नाही. मागचा मोटारसायकलवाला म्हणाला, "काका, द्यायचे तर देऊन टाका, आमाला ड्युटी गाठायचीय."

ताईंनी कारण विचारलं. काही कारण नाही, असं मी सांगितलं. पथकातल्या ताईंना पाचशे रुपये दिले, पाचशेची एक नोट, आणि पावती घेतली.