चापडा मला चावला होता

माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. देहूरोडच्या डेपोत स्टोअर्समध्ये कामाला आहे. वस्तू हातात घेऊन पाहिल्याशिवाय पोच देत नाही. तरीही हे लिहितोय, कारण ते माझ्याच हाताच्या बाबतीत घडलं...

महायुद्ध चालू होतं. दिवाळीच्या रजेत मी वडिवळ्याला घरी गेलो होतो. गोठ्याच्या छपराला बांबू हवे होते. थोरला भाऊ – दादा – तापाने पडून होता, म्हणून शेजारच्या लतीफभाईंना घेऊन मी सकाळी डोंगराकडच्या बांबूच्या बेटात गेलो.

दहाचा सुमार असेल. लख्ख ऊन. मी एका बांबूला हात घातला आणि अंगठ्याच्या बुडाशी तापली सळई खुपसावी तशी कळ आली. पाहतो तर चापडा – पाल्यासारखा हिरवा, तिकोनी डोक्याचा विषारी साप – दात रुतवून माझ्या हाताला लोंबकळत होता. लतीफभाईंनी कोयत्याच्या पाठीने तो उडवला. मग माझा हात उलटसुलट करून पाहिला. पुन्हा पाहिला.

रक्त नाही. दाताची खूण नाही. कळसुद्धा गेलेली.

"चावला त्यो. म्या सोता बघितला," लतीफभाई म्हणाले.

आम्ही तडक घरी आलो. पडवीत बायामाणसं जमलेली. वहिनी रडत सांगू लागली, की दादा घोंगडी पांघरून झोपला होता, तो दहाच्या सुमारास एकाएकी ओरडून उठला. घोंगडी झटकली, सगळं घर धुंडाळलं... साप कुठेच नव्हता.

दादाचा उजवा हात कोपरापर्यंत सुजला होता. अंगठ्याच्या बुडाशी दोन लाल ठिपके.

मी उंबऱ्यातच थिजलो. बेटातलं अजून आम्ही कुणालाही सांगितलं नव्हतं. दादाने मान वळवली आणि मला विचारलं, "तुजा हात बरा हाय न्हवं?"

बैलगाडीने कामशेत, तिथून रेल्वेने लोणावळा. डॉक्टर म्हणाले, सापच चावलाय. मी बेटातला प्रकार सांगितला. त्यांनी सोबत आलेल्या लतीफभाईंकडे पाहिलं. लतीफभाईंनी होकारार्थी मान डोलावली. दादा वाचला, पण अंगठा कायमचा ताठ झाला.

घरात दुसरा साप असेल, असं मी स्वतःला कितीदा तरी समजावलंय. पण मग माझ्या हातात रुतलेले दात...? माझ्या हाताचं तू त्या दिवशी कसं विचारलंस, असं दादाला विचारलं, तर म्हणतो, "म्या इचारलं? मला न्हाई आठवत."

परवा त्याला सदऱ्याचं बटण लागेना. तो गुपचूप माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी बटण लावून दिलं.