सिस्टरबाई खाली उतरल्या त्याची गोष्ट

उभं आयुष्य सिस्टरबाईंनी दुसऱ्यांचे जिने चढण्यात घालवलं. दवाखान्यातली ड्यूटी संपली की खांद्याला पिशवी अडकवून त्या घरोघरी जात. कुणाची जखम धुवायची असे, कुणाला इंजेक्शन द्यायचं असे, कुणा नव्या आईला बाळ कसं धरायचं ते दाखवायचं असे. त्यांचा आवाज आला की पोरं पलंगाखाली शिरत. सिस्टरबाईही मग खुशाल फरशीवर आडव्या होत, पलंगाखालच्या मंडळींशी आधी गप्पा मारत आणि मगच सुई बाहेर काढत. लिफ्ट नसलेल्या इमारतींना त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत. आता मात्र गुडघ्यांनी त्या सगळ्या जिन्यांची वसुली एकदम सुरू केली होती, आणि त्यांचं स्वतःचं घर होतं तिसऱ्या मजल्यावर. हिवाळ्यापासून त्या खाली उतरल्या नव्हत्या.

त्यांचे यजमान त्याच दवाखान्यात स्टोअरकीपर होते. सही घेतल्याशिवाय कापसाचा बोळासुद्धा द्यायचे नाहीत. "लग्नाला हो म्हणाले तेही सही घेऊनच," असं सिस्टरबाई चारचौघांत सांगत, आणि यजमान ऐकून न ऐकल्यासारखं करत. त्यांनीच दोन गल्ल्या पलीकडे तळमजल्यावरचं एक घर शोधून काढलं. त्या घराचा मालक भला माणूस. उन्हाळा संपेपर्यंत थांबतो म्हणाला. पण हे घर विकलं गेलं तरच ते घेता येणार होतं. म्हणून एजंट गाठला.

एजंट इतरांपेक्षा जास्त कमिशन मागत होता. का, तर म्हणे सर्व्हिस. प्रत्येक गिऱ्हाईक स्वतः घेऊन येईन, घर नीट दाखवीन, कागदपत्रांचं सगळं बघीन. यजमानांनी करारावर सही केली. सहा महिने दुसऱ्या कुणामार्फत घर विकायचं नाही, हेही त्यात आलं. त्यानंतर एजंटचा फोन लागला तर लागला. घराचे फोटो त्याने वाळत घातलेल्या चादरींसकट काढले. अमुक वाजता येतो म्हणायचा. हे दोघं घर आवरून, चांगले कपडे घालून बसायचे आणि कुणीच यायचं नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं, "होऊन जाईल, काका." सिस्टरबाईंनी त्याचं नाव होईलराव ठेवलं.

हे सगळं त्यांनी हसण्यावारी नेलं असतं. पण एक दिवस होईलरावाने यजमानांना दाराबाहेर घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, निदान त्याच्या मते तरी हळू आवाजात. "काका, राग मानू नका. काकू आणि तो वॉकर दिसला की गिऱ्हाईकाचं लक्ष जिन्याकडे जातं. लोक येतील तेव्हा काकूंना समोरच्यांच्या घरी बसवत जा."

यजमान आत आले आणि उगाच वर्तमानपत्राच्या घड्या घालू लागले.

"ऐकलंय मी," सिस्टरबाई म्हणाल्या. "गुडघे गेलेत, कान नाहीत."

"अगं, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. घर हातचं जायला नको."

"जाते की. मी कुठे नाही म्हटलं?"

आणि त्या जात. गिऱ्हाईक यायचं म्हटलं की वॉकर टेकत समोरच्या वहिनींच्या स्वयंपाकघरात जाऊन बसत. वहिनी कांदा चिरत, या लसूण सोलत. आपल्याच घरातून परक्यांच्या चपलांचे आवाज येत. गावभरच्या घरांत ज्या बाईला लोकांनी पुढच्या दाराने घेतलं, खुर्ची पुसून दिली, ती आता स्वतःच्या घरातून लपत होती. वहिनींनी एकदा विचारलंही, "डोळ्यांत पाणी कशाने आलं, सिस्टर?" त्या म्हणाल्या, "तुमचा कांदा."

उन्हाळा सरत आला. मालकाने दोनदा निरोप पाठवला. तेवढ्यात एका दुपारी, वहिनी लेकीकडे गेलेल्या असताना, दारावर थाप पडली. होईलरावाने गिऱ्हाईक पाठवून दिलं होतं. स्वतःचा पत्ता नव्हता. यजमान न्हाणीघरात होते. सिस्टरबाईंनी दार उघडलं. एक चाळिशीचा माणूस उभा होता, आणि त्याच्यामागे शेवटच्या पायरीवर त्याची आई कठडा धरून बसली होती. ओठ पांढरे पडले होते.

सिस्टरबाईंनी वॉकर भिंतीला टेकवला, म्हातारीला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि मनगट हातात घेतलं. मुलाने तोवर घर पाहून घेतलं. खिडक्या पाहिल्या, हवा पाहिली. खूश होऊन म्हणाला, "आई, आपल्याला हेच घ्यायचं. बाई, मी उद्याच विसार देतो."

यजमान डोकं पुसत बाहेर येऊन उभे राहिले होते. हेच ऐकण्यासाठी ते कित्येक आठवडे कान लावून बसले होते.

सिस्टरबाईंनी म्हातारीचं मनगट सोडलं नाही. "आई तुमच्याजवळच राहणार?"

"म्हणजे काय. माझ्याशिवाय कोण आहे तिला?"

"मग हे घर घेऊ नका. मी हिवाळ्यापासून खाली गेले नाहीये. आईंचं उतरणं माझ्यापेक्षा लवकर बंद होईल. आणि इथून सरळ डॉक्टरकडे न्या, हे ठोके मला आवडले नाहीत."

मंडळी आभार मानून गेली. होईलरावाचा फोन मात्र त्या दिवशी पहिल्यांदा आपणहून आला, आणि त्यातला आरडाओरडा खोलीभर ऐकू गेला. यजमानांनी "उद्या ये, बोलू" एवढंच म्हणून फोन ठेवला.

"रागावलात?" सिस्टरबाईंनी विचारलं.

"फारच वाईट होते का ठोके?"

"फार."

"मग ठीक केलंस." त्यांनी तिची खुर्ची उचलली आणि दारासमोर, येणाऱ्याला पहिली तीच दिसेल अशी ठेवली. "यापुढे इथे बसायचं. समोरच्यांकडे जायचं नाही. मी सांगितलं तेव्हाही जायला नको होतंस."

"तुम्ही सांगितलंत म्हणूनच गेले," त्या म्हणाल्या. मग त्यांच्याकडे न बघता, "केस पुसा नीट, गळताहेत."

दुसऱ्या दिवशी होईलराव धापा टाकत आला. "तयार गिऱ्हाईक घालवलंत, काका. नियमाने माझं कमिशन झालंच."

"बस. पाणी पी," यजमान म्हणाले. "प्रत्येक गिऱ्हाईकाबरोबर येणार होतास. आजवर किती वेळा आलास, तूच सांग." होईलराव छताकडे बघू लागला. "घर विकलं गेलं तर अर्धं कमिशन देईन. तेही तू बरोबर आलास तर. आणि ही इथेच बसेल."

"अर्ध्यात परवडत नाही हो."

"आम्हाला पुऱ्यात परवडलेलं नाही."

होईलरावाने काकूंकडे पाहिलं. काकूंनी त्याला अजून एक भांडं पाणी दिलं. तो कबूल झाला.

घर शेवटी घेतलं ते एका शाळेत खेळ शिकवणाऱ्या नवराबायकोने. सिस्टरबाईंनी त्यांना बसायच्या आधीच सांगितलं, "जिना आहे, आणि तो वर्षागणिक वाढतो. न्हाणीघराची भिंतही ओल धरते." होईलरावाने कपाळाला हात लावला. नवरा हसून म्हणाला, "जिना आम्हाला हवाच आहे. म्हातारपणी बघू, तुमच्यासारखं विकून टाकू." भिंतीपायी किंमत थोडी खाली आली, पण व्यवहार झाला, आणि मालकाने दिलेल्या मुदतीत झाला.

निघायच्या दिवशी होईलराव चेक न्यायला आला. यजमानांनी चेक लिहून तयारच ठेवला होता. सिस्टरबाई म्हणाल्या, "थांबा हो, सर्व्हिस राहिलीये. ए, इकडून धर मला."

एका बाजूला यजमान, दुसऱ्या बाजूला होईलराव, मध्ये सिस्टरबाई. एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत. प्रत्येक वळणावर थांबायचं. दुसऱ्या मजल्यावर होईलरावालाच घाम फुटला.

"काकू, खुर्चीत बसवून उचलून नेऊ का?"

"मेल्यावर उचलायचंच आहे. तोवर धर नीट. आई आहे का तुझी?"

"आहे."

"कितव्या मजल्यावर?"

"चौथ्या," तो म्हणाला. खालपर्यंत हात सोडला नाही त्याने.

खाली सामानाची गाडी उभी होती. ड्रायव्हरच्या शेजारची जागा यजमानांनी उशी घालून ठेवली होती. सिस्टरबाई रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. चपलांखाली माती लागली. समोरचा वाणी दुकानातून धावत बाहेर आला आणि "सिस्टरबाई, तुम्ही?" म्हणून नुसता बघत राहिला.

"चल, बैस," यजमान म्हणाले.

"गाडी पुढे जाऊ दे हो. दोनच गल्ल्या तर आहेत."

"दुखेल."

"दुखेलच," त्या म्हणाल्या, आणि वॉकर पुढे टाकला. यजमानांनी गाडीवाल्याला हाताने जा म्हणून खूण केली आणि ते तिच्या चालीने चालू लागले.