आमच्या गेममध्ये मासोळीचे वाटे पडतात

"जंगल आहे ना? मग बंदुका टाका!" गुंतवणूकदार साहेबांचं हे ऐकलं आणि त्याच संध्याकाळी मी खरा तलाव बघायला पुण्याहून चंद्रपूरची बस धरली. दहा वर्षं परदेशी गेममधली झाडं रंगवून दिली आम्ही. आता कुठे देशात आपले गेम बनू लागलेत, तर तेही यांच्या मर्जीने? आमचा तिघांचा गेम जंगलाकाठच्या तलावातल्या मासेमारीचा. सोमवारी साहेबांना पसंत पडला तरच पैसे मिळणार होते.

चंद्रपूरहून मूलमार्गे सावली, एसटीने दोनेक तास. बायांना अर्धं तिकीट, फायदा घ्या. मूलपर्यंत जंगल आहे. स्वतःची गाडी असेल तर उजेडात उरका, वाघ तुमच्या सेल्फीसाठी बसलेला नाही. सावलीत तर्री घातलेला आलुबोंडा खाल्ला, नाकाडोळ्यांतून पाणी आलं.

पुढे एका गावच्या तलावावर मंदाबाई भेटल्या. मासोळीचे वाटे घालायचं काम त्यांचं. त्यांना लॅपटॉपवर गेम दाखवला: ज्याची मासोळी जास्त, तो जिंकला.

"हे कोन्तं गाव वो? एकटाच घेऊन चालला अन् बाकीचे पाहून राह्यले?"

तेवढ्यात जाळं निघालं. सगळी मासोळी पाळीवर, तलावाच्या बांधावर, एका ढिगात आली आणि मंदाबाईंनी घरटी वाटे घातले. एक वाटा उरला.

"हा शांताबाईचा. सून बाळंत झाली, तिच्या घरचं कोनी आलं नाई."

"जाळं न ओढताच वाटा?"

"मंग का उपाशी ठेवतं तिले?"

लाज वाटली हो! मी चंद्रपूरचीच, आणि गेम केला कुठल्या तिऱ्हाईत गावाचा. दुपारी त्यांच्याकडेच भात आणि मासोळीचा तिखटजाळ रस्सा जेवले.

दुसऱ्या दिवशी वैनगंगा ओलांडून चामोर्शीचा बाजार गाठला, बायांची घासाघीस रेकॉर्ड केली. गेममध्ये हीच बोली राहणार, 'मले-तुले'सकट.

रविवारी पुण्यात बसून गेम बदलला. सोमवारी साहेबांनी खेळून पाहिला.

"पण जिंकतं कोण?"

"गाव."

"आणि न आलेल्यालाही वाटा? काढा ते."

मी लॅपटॉप मिटला. "नाही काढत."

पैसे गेले. दोघे सोबती माझ्याबरोबर राहिले. आता सकाळी पोटापुरतं परक्यांचं काम, दुपारनंतर आमचा तलाव. वर्ष लागो, दोन लागोत, करणार म्हणजे करणार.

मंदाबाईंना फोनवर हे सगळं सांगितलं.

"नाई आला तं नाई आला तो सायेब," त्या म्हणाल्या. "वाटा ठेवजा त्याचा."

"त्याचा? मुळीच नाही!" मी ओरडले. त्या हसतच सुटल्या.