कोकिळेचं डोंगरावरचं लग्न

बोरी अरबची कोकिळा बावन्नाव्या वर्षी पळून गेली, असं गाव सांगतं. साफ खोटं आहे. पळून जाणारं माणूस महिनाभर आधी सरकारी कचेरीच्या फलकावर आपल्या लग्नाची नोटीस लावत नाही. शिवाय जाताना तिनं पिठाच्या गिरणीच्या दारावर खडूनं लिहिलं होतं, 'लग्न आहे. दळण सोमवारी आणा.' मी तिच्यासोबत जीपमध्ये होते, त्यामुळे मला कोणी शिकवू नये.

नवरा गेला तेव्हा कोकिळेची मुलगी समीक्षा शाळेत होती. दीर सदाशिवराव म्हणाले, गिरणी भाड्यानं देऊन टाकू. कोकिळेनं दुसऱ्या दिवशी स्वतः पट्टा चढवला आणि गिरणी सुरू केली. भुवया पिठानं पांढऱ्या आणि तोंडाचा पट्टा गिरणीच्या पट्ट्याहून जोरात. ओले गहू आणणाऱ्याला ती रांगेसमोर झापायची. बायका तिला घाबरायच्या आणि दळण तिच्याकडेच आणायच्या.

भीमराज यवतमाळचा. गिरण्यांच्या, पंपांच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरून देतो. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, बोलणं कमी, काम चोख. कोकिळेची मोटार बिघडली की तोच यायचा. मग ती फारच बिघडायला लागली.

"मोटार जळते का तू जाळून राह्यली?" मी एकदा विचारलं.

"तुले काय करायचं?" ती म्हणाली आणि लाजली. त्या बाईला लाजताना मी पहिल्यांदा पाहिलं. मला फार बरं वाटलं.

सदाशिवरावांना बरं वाटलं नाही. एक तर विधवा, त्यात हे वय, आणि वरून तो बौद्ध. नोटीस लागल्याचं कळताच ते गिरणीवर आले.

"कचेरीसमोर माणसं उभी करतो. पाहू कशी सही करतं तू."

कोकिळेनं भीमराजला घेऊन तडक यवतमाळ गाठलं आणि विवाह अधिकाऱ्यांनाच विचारलं, लग्न कचेरीतच करावं लागतं का? ते म्हणाले, जादा फी भरून अर्ज केलात तर वाजवी अंतरावर म्हणाल तिथं येऊ. कायद्यातच तशी सोय आहे. कोकिळेनं खिडकीतून दूर दिसणाऱ्या डोंगराकडे बोट दाखवलं. साहेबांना आधी ती थट्टा वाटली.

"भाऊजीले भ्यालीस म्हणतीन लोक," मी तिला म्हटलं.

"म्हणू दे. खाली जितके मांडव हायेत त्यात आपली जागा मागं. वर कोणाचाच मांडव नाही. अन् साक्षीदार तीन लागतात, त्या तिघी विधवाच पायजेत मले."

हे ती का म्हणाली, ते मला ठाऊक होतं. समीक्षाच्या लग्नात हळद लावायला सवाष्णी बोलावल्या आणि पोरीच्या आईला हळूच सांगितलं, तुम्ही जरा आत बसा. ज्या बाईनं दळणं दळून पोरगी मोठी केली, ती स्वयंपाकघरात लसूण सोलत बसली. बाहेर सनई. मी तिच्याजवळच होते, कारण मीही विधवा. आम्हाला कोणी ओढून आत नेत नाही. आम्ही आपणच उठतो, इतकी सवय झालेली असते. त्या दिवसाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तर साक्षीदार ठरल्या: मी, भीमराजची बहीण सत्यभामा, आणि आमच्या शेजारच्या चंदाबाई, वयानं सगळ्यांत मोठ्या. चंदाबाई सहीला हो म्हणाल्या, पण वाटभर जीपमध्ये पदर पुढं ओढून बसल्या होत्या.

जंगलाचा रस्ता संपला तिथून पायवाट. सागाची वाळकी पानं पायाखाली कुरकुरत होती. साहेबांना धाप लागली, त्यांचा शिपाई रजिस्टर डोक्यावर घेऊन चढला. कोकिळेचे गुडघे दुखत होते, तरी भीमराजनं हात पुढं केला तेव्हा ती म्हणाली, "सही झाल्यावर धरा." माथ्यावर एका सपाट दगडावर आम्ही चादर अंथरली. साहेबांनी रजिस्टर उघडलं, दोघांना समोर उभं केलं आणि आमच्याकडे पाहिलं.

"तिसरी साक्षीदार कुठे?"

चंदाबाई नव्हत्या. मागं मोहाच्या झाडाआड तोंड फिरवून, पदर पुढं ओढून उभ्या होत्या. साहेबांनी हाक मारली.

"सही करतो ना साहेब. तुमचं होऊ द्या, मंग येतो."

"आजी, तसं चालत नाही. ही दोघं एकमेकांना स्वीकारतात ते तिन्ही साक्षीदारांच्या समोर झालं पाहिजे. तुम्ही समोर नसाल तर हे लग्न मी लावू शकत नाही."

चंदाबाई तिथूनच रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "माह्यासारखीनं शुभ कामात तोंड दाखवू नाही. तिचं एकदा मोडलं, आता माह्या पायी काहून मोडायचं?"

मला त्यांचा राग आला आणि दयाही आली. मी जाऊन ओढून आणणार होते, पण कोकिळेनं मला थांबवलं. ती झाडाजवळ गेली नाही. जागेवरूनच म्हणाली, "चंदाबाई, ऐकलं ना साहेब काय म्हणते? तुमी समोर नसल्या तर माहं लग्न लागत नाही. अन् तुमाले सोडून दुसरी साक्षीदार मी आणत नाही. तुमी तिथंच राह्यल्या तर मी अशीच खाली उतरतो."

भीमराजनं मान हलवली. त्याला तेही मंजूर होतं.

 मग पानं कुरकुरली. चंदाबाई आल्या, माझ्या मागं थबकल्या. मी बाजूला सरकले. त्या पुढं येऊन अगदी कोकिळेच्या तोंडासमोर उभ्या राहिल्या आणि डोक्यावरचा पदर त्यांनी मागं घेतला.

भीमराजनं आपलं वाक्य म्हटलं. कोकिळेनं मात्र मान खाली घालून सुरुवात केली. "मी, कोकिळा, तुम्हाला भीमराज यांना माझे कायदेशीर पती..." पुढचं पुटपुटण्यात गेलं. साहेब म्हणाले, चालेल, झालं.

"कायचं झालं?" चंदाबाई साहेबांवर खेकसल्या. "मले आयकू नाही आलं. साक्षीदार मी हावो." मग कोकिळेकडे वळून म्हणाल्या, "पुन्हा म्हण पोरी. जोरानं म्हण."

कोकिळेनं पुन्हा म्हटलं, जोरानं, आणि चंदाबाईंनी तिच्या डोळ्यांत पाहत शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं.